बाहेरची कडी

आक्काचं पत्र आलं तेव्हा पंखा पूर्ण जोरात लावूनही अंगाला घाम येत होता. आता लोक सकाळी स्वेटर घालून बाहेर पडू लागले होते, तरी त्या पत्राला उत्तर गेलं नव्हतं.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे खपून गेलं असतं. पण पाणीखात्याच्या तक्रार विभागात उभा जन्म लोकांच्या पत्रांना उत्तरं लिहिण्यात गेलेल्या माणसाच्या हातून असं व्हावं, याची त्याची त्यालाच लाज वाटत होती. नळाला पाणी नाही, पाण्याला वास येतो, गल्लीत पाइप फुटलाय, असलं काहीही आलं तरी ‘आपले पत्र पोहोचले’ अशी सुरुवात करून त्यांनी प्रत्येकाला उत्तर दिलं होतं. ऑफिसातल्या शिपायांनी थट्टेनं त्यांचं नाव उत्तरसाहेब ठेवलं होतं. तोंडावर मात्र कुणी बोलत नसे, कारण उत्तरसाहेब कशानंही इतके अवघडून जात की थट्टा करणाऱ्यालाच वाईट वाटायचं.

आक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. तिला कानांनी ऐकू येत नसे, म्हणून फोनचा प्रश्नच नव्हता. तिचं पत्र तिच्यासारखंच सरळसोट होतं. ‘भावोजी, हिला माझ्याकडे आणून सोडा. माझं घर बसकं आहे, अंगणाला उंच भिंत आहे, लेक दिवसभर घरात असते. दोघं मावाल एवढी जागा नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. पण माझी बहीण मावेल. राग मानू नका, तुम्हाला ती झेपणार नाही.’

हो लिहायचं तर बायकोला हातानं परकं करायचं. नाही लिहायचं तर रोज तिला सांभाळून दाखवायचं. उत्तरसाहेबांनी पत्र शब्दकोशात घालून ठेवलं आणि दोन्ही टाळलं.

बायकोचं विसरणं आधी चष्म्यापासून सुरू झालं होतं. मग गॅस, मग दिवस, मग माणसं. एवढं सगळं गेलं तरी एक गोष्ट तिच्या डोक्यातून जायला तयार नव्हती, ती म्हणजे कामावर जाणं. कपड्यांच्या कारखान्यात ती शिलाईची यंत्रं दुरुस्त करायची. बायका तिला मशीनबाई म्हणत. कारखाना बंद पडून तिथं आता गाड्या लावायची जागा झाली होती, पण मशीनबाई उठल्या की निघाल्या. एकदा बसच्या कंडक्टरनं तिला हाताला धरून जिन्यापर्यंत आणलं. पायात नुसते मोजे. दुसऱ्यांदा ती मोठ्या रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर उभी सापडली, दोन्ही बाजूंनी ट्रक चाललेले, आणि ही पहिल्या पाळीचा भोंगा व्हायची वाट बघत होती.

उत्तरसाहेबांनी दाराला कुलूप बदललं. तिनं ते आतून काढलं. तोडलं नाही, काढलं. जेवणाच्या चमच्याच्या दांड्यानं चारही स्क्रू सोडवून, कुलूप आणि स्क्रू नीट वाटीत ठेवून ती बाहेर गेली होती. तिची हत्यारांची पेटी त्यांनी आधीच भंगारवाल्याला देऊन टाकली होती, शेगडीची चावी तिनं उघडून ठेवली त्याच दिवशी. आता चमचे लपवले तर ती कंगवा घेई. कंगवा लपवला तर नखकटर.

घरात पेचकस धरता येणारं माणूस पहिल्यापासून एकच, आणि ते ही होती. संसारात कधी तसबीर टांगायची झाली तर ती स्टुलावर चढायची आणि साहेब स्टूल धरायचे. कधीतरी धरल्या धरल्या वाचतसुद्धा.

म्हणून त्यांना सुचायला वेळ लागला, पण एकदा सुचल्यावर ते डोक्यातून जाईना. झोपायच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी. जिचे स्क्रूच तिच्या बाजूला नाहीत, ती कडी तिला उघडता येणार नाही.

कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावता आलं असतं. पण सुतार हातापेक्षा तोंडानं जास्त काम करणारा. ‘बाहेरून का हो?’ असं तो विचारणार, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार. त्यापेक्षा आपणच करावं. हाताला कंप, मनगटात जोर नाही, तेव्हा बॅटरीवर चालणारं यंत्र आणावं. उत्तरसाहेबांनी वाचनालयातून घरदुरुस्तीवरचं पुस्तक आणलं आणि ‘योग्य यंत्र कसे निवडावे’ हे प्रकरण परीक्षेला बसल्यासारखं वाचून काढलं. ड्रिल म्हणजे काय, इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणजे काय, कोणतं कशासाठी, सगळं पाठ झालं. दुकानात जाऊन काय बोलायचं, तेवढं कुठल्या पुस्तकात नव्हतं.

बायको दुपारी झोपली तेव्हा ते निघाले. निघताना घरातले सगळे चमचे, कंगवे, नखकटर आणि सुटी नाणी त्यांनी खांद्यावरच्या पिशवीत भरली. दाराला कुलूप घातलं आणि जिना उतरताना प्रत्येक पायरीला पिशवी खुळखुळत राहिली.

हार्डवेअरचं दुकान एक बाई चालवत होती. केसांत पेन्सिल खोवलेली, हात सतत कशात तरी. गल्ल्याशेजारी एक रंगारी ब्रश निवडत रेंगाळला होता.

“या काका. काय देऊ?”

“ते... बॅटरीवरचं. फिरतं ते. भोक पाडायचं.”

“कशात पाडायचं?”

हाच प्रश्न येणार हे त्यांना माहीत होतं. “लाकडात,” ते म्हणाले.

“भिंतीत नाही ना? नाहीतर लोक नेतात आणि मग सिमेंटशी मारामारी करत बसतात.”

“नाही नाही. लाकडातच.”

बाईनं काचेवर दोन यंत्रं ठेवली. “दिसायला भाऊ-भाऊ, स्वभाव मात्र वेगळे. हे ड्रिल. याच्या गळ्याशी आकडे आहेत, बघा. आकडा लावला की तेवढा जोर झाल्यावर आपलं आपण थांबतं. नाजूक काम असेल, बिजागरी, कपाटाची मूठ, दाराची कडी, तर हे घ्या. आणि हा बुटका, इम्पॅक्ट. स्क्रू अडला की हा आतून ठोके देत फिरतो. जाड लाकूड, लांब स्क्रू, याला काही वाटत नाही. मनगटाला हिसका बसत नाही, म्हणून वयस्कर माणसांना आवडतो. फक्त थांबायचं कुठं ते याला कळत नाही. ते तुमचं तुम्हाला कळायला हवं.” तिनं वर बघितलं. “तुमचं काम काय आहे?”

दाराची कडी. हे शब्द तिनंच उच्चारले होते, त्यांनी नुसतं ‘तेच’ म्हणायचं होतं. पण रंगारी कान देऊन उभा होता. साहेबांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“पुस्तकांचं कपाट,” ते म्हणाले. “जाड लाकडाचं.”

“स्वतः बांधणार?”

“हो.”

“स्क्रू लांब?”

“लांब. चांगले लांब.”

“मग प्रश्नच मिटला, बुटका न्या. या ड्रिलच्या नादी लागू नका.”

‘मला ड्रिलच हवंय’ हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण एकदा कपाट म्हटल्यावर ते कपाटाशी बांधले गेले. दिलेलं उत्तर फिरवायची त्यांना सवय नव्हती. पैसे काढायला पिशवीत हात घातला आणि घाईत पिशवी कलंडली. काचेवर चमच्यांचा खच पडला, वर कंगवे.

रंगारी मोठ्यानं हसला. “काका, घरातून पळून आलात की काय? की काकूंनी हाकललं?”

“गप रे,” बाई म्हणाली, पण ओठ दाबूनच. एकेक चमचा तिनं उचलून दिला. “काका, कपाट झालं की फोटो दाखवा हं. आणि काकूंना आधी विचारा, जागा कुठं आहे ते. नाहीतर कपाट आत आणि तुम्ही दारात!”

“विचारतो,” साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बायकोला स्वयंपाकघरात मटार सोलायला बसवून ते कामाला लागले. कडी छातीच्या उंचीवर धरली, पेन्सिलीनं खुणा केल्या, पुस्तक पाटावर उघडं ठेवलं. पहिला स्क्रू टेकवून घोडा दाबला तर यंत्र किंचाळत सुटलं. लाकूड जुनं, दगडासारखं. स्क्रू अडला आणि बुटक्यानं ठोके द्यायला सुरुवात केली. टोक स्क्रूवरून घसरलं, फिरलं, पुन्हा घसरलं, आणि बघता बघता स्क्रूची चीर खरवडून गुळगुळीत झाली. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी अंगाचा भार टाकला. कट् असा आवाज आला आणि स्क्रूची मुंडी तुटून खाली पडली.

कपाळावरचा घाम पुसायला ते वळले तर मागं बायको उभी. ओच्यात मटार तसेच.

ती घाबरेल असं त्यांना वाटलं होतं. पण तिची मान एका बाजूला कललेली होती. कारखान्यात बंद मशीनपुढं उभी राहायची तशी.

“किती ओरडायला लावताय त्याला,” ती म्हणाली. “ऐकू येत नाही का तुम्हाला? द्या इकडे.”

“अगं, नको. लागेल.”

“तुम्हाला लागेल. सरका. स्टूल धरा.”

स्टूल नव्हतंच. तरी ते सरकले.

तिनं यंत्र हातात तोललं, घोडा हलकेच दाबून सोडला, पुन्हा दाबला, आणि मान हलवली. कुणी नवीन मुलगी कामावर आल्यावर ‘बरी आहे’ म्हणावं तशी. “यात स्क्रू पिळायच्या आधी वाट करायचं टोक कुठंय? बारीक?”

डब्यात होतं. त्यांनी दिलं.

“जुनं लाकूड आहे. एकदम घुसलात तर ते फाटणार नाही तर तुमचा स्क्रू मोडणार. आणि साबण आणा.”

“साबण?”

“अहो साबण! अंगाचा. किती वर्षं बघताय मला.”

ते धावत साबण घेऊन आले. तिनं खुणा थोड्या वर सरकवून घेतल्या, तुटलेल्या स्क्रूची जागा टाळली, बारीक भोकं पाडली, एकेक स्क्रू साबणावर घासला. आणि तो बुटका, ज्याला थांबायचं कळत नव्हतं, तिच्या हातात शहाण्यासारखा वागू लागला. ती घोडा दाबायची तेही चुटकीचुटकीनं, शेवटचा अर्धा वळसा हातानंच. कडी अशी बसली की जणू दाराबरोबरच घडवलेली. तिनं ती सरकवून पाहिली. आत. बाहेर. सुळ्ळकन.

“बाहेरून का बसवतोय हो पण?”

“आत... पुस्तकं ठेवायची आहेत.”

“मग? पुस्तकं पळून जातात?”

आणि ती हसली. तिचं जुनं हसणं, खांदे हलवून, आवाज न करता. तेही हसले. दोघं त्या दारापाशी इतकं हसले की तिच्या ओच्यातले मटार जमिनीवर सांडले, आणि मग दोघंही वाकून ते वेचत बसले. त्या तासभरात तिला सगळं माहीत होतं. साबण कुठं असतो, नवरा कोण, आपला हात किती चांगला. साहेबांना वाटलं, घरातल्या सगळ्या दारांना कड्या बसवायच्या राहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तिनं त्यांना विचारलं, “तुम्ही कोणाकडं आलात?”

सकाळी औषधं आणायला जायचं होतं. ती गाढ झोपलेली बघून त्यांनी दार ओढलं. कडीवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. सुळ्ळकन गेली. आवाजसुद्धा झाला नाही, इतकं चांगलं काम होतं ते.

औषधाच्या दुकानातलं काम चटकन आटोपलं. परत फिरताना त्यांच्या लक्षात आलं की आज आपण मागं वळून बघत नाही आहोत. हातात कुणाचा हात नाही. कान जिन्याकडं लागलेले नाहीत. वाचनालय वाटेवरच होतं. पुस्तक तर परत करायचंच होतं. ते आत गेले, पुस्तक दिलं, आणि वर्तमानपत्र उचललं. उभ्याउभ्याच. मग बसले. एक जुनं प्रवासवर्णन कुणीतरी टेबलावर ठेवून गेलं होतं, त्याचं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. ते कुठल्याशा बर्फाच्या वाटेवरून फार पुढं गेले. भान आलं तेव्हा ग्रंथपाल जेवणाच्या सुट्टीसाठी खिडक्या लावत होता.

ते जिना घाईघाईनं चढले. ओरडा ऐकू येईल, शेजारी जमलेले असतील. काहीच नव्हतं. घरात चिटपाखरूही नसावं तशी शांतता. ते कडीपाशी गेले आणि हात पुढं करणार तोच आतून आवाज आला, अगदी दाराला लागून, दबका.

“कोण आहे? भाऊ, कोणी आहात का बाहेर?”

त्यांनी हात मागं घेतला.

“भाऊ, पावलं ऐकली मी. घाबरू नका, मी ओरडणार नाही. ओरडलं की हे लोक जास्त त्रास देतात. कडी निघत नाहीये. ज्यानं बसवलीय त्याला काम येतं. माझ्या बाजूला काहीच ठेवलं नाही त्यानं.”

उत्तरसाहेबांनी कपाळ दाराला टेकलं.

“तुमचं मला एक काम कराल? आमचे हे पाणीखात्यात असतात. तक्रारींच्या खोलीत. कुणालाही विचारा, उत्तरसाहेब म्हणून. त्यांना निरोप द्या की मला इथं कोंडलंय. पण भाऊ, एकदम नका सांगू हं. हळूच सांगा. ते भित्रे आहेत फार. आधी बसायला सांगा, पाणी द्या, मग सांगा.”

त्यांनी कडी काढली.

ती जमिनीवर बसली होती. दाराच्या आतल्या बाजूला, बरोबर जिथं पलीकडून स्क्रू असतील तिथं, रंग खरवडून लाकूड पांढरं पडलं होतं. चार जागा, चारही अचूक. तिच्या उजव्या हाताची नखं मुळापर्यंत फाटली होती आणि रक्त मनगटापर्यंत वाळलं होतं. बिछाना ओला होता.

तिनं वर पाहिलं, त्यांना नीट न्याहाळलं. “आलात? तुम्ही भेटलात का त्यांना?”

“हो,” साहेब म्हणाले. “भेटलो.”

“काय म्हणाले?”

“येतो म्हणाले.”

“घाबरले?”

“फार.”

तिनं मान हलवली. तिला ते अपेक्षितच होतं. त्यांनी कोमट पाण्यात तिची बोटं धुतली. पाणी गुलाबी होत गेलं तसं ती त्याच्याकडंच बघत राहिली. मग त्यांनी तिचे कपडे बदलले, तिला भरवलं, आणि तिला समोर बसवूनच कागद ओढला.

‘आपले पत्र पोहोचले. विलंबाबद्दल’ एवढं लिहून त्यांनी तो कागद फाडला. ‘आपल्या सूचनेचा सहानुभूतीपूर्वक’ हाही फाडला. जन्मभर हातात बसलेली वाक्यं आपली आपण बाहेर पडत होती, आणि एकाही वाक्यात बायको मावत नव्हती. शेवटी त्यांनी शाळकरी मुलासारखं, एकेक शब्द तोडून लिहिलं.

‘आक्का, मला ती झेपत नाही. आज मी तिला कोंडून ठेवलं. तिच्या बोटांना जखमा आहेत, त्या माझ्यामुळं आहेत, हे तुम्हाला ती येण्याआधी कळावं. जखमांनी खपली धरली की तिला घेऊन येतो. मी राहणार नाही, सोडून परत येईन. तिला सकाळी उठल्याबरोबर कामावर जायचं असतं. नको म्हणू नका, मोडकं काहीतरी हातात द्या.’

आणखी काहीतरी लिहायला हवं होतं. ते सुचलं नाही. त्यांनी नाव घातलं, पाकीट चिकटवलं.

तिला घरात एकटं ठेवायचं नव्हतं आणि कडीला तर हात लावायचा नव्हता. त्यांनी तिला चपला घातल्या, पट्टी बांधलेला हात सांभाळून दुसऱ्या हाताला धरलं आणि दोघं जिना उतरली. पत्रपेटी चौकापलीकडं होती. ती हळूहळू चालत होती, दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत.

“कोणाचं पत्र?”

“आक्काचं. आक्काला.”

“आक्का!” तिचा चेहरा उजळला. “काय लिहिलंय?”

खोटं बोलणं सोपं होतं. दुकानात आणि त्या दारापाशी त्यांनी तेच केलं होतं.

“तू तिच्याकडं राहायला जातेयस म्हणून.”

“आणि आमचे हे?”

“ते इथंच राहतील.”

“त्यांना जेवायचं कळत नाही,” ती चालता चालता म्हणाली. “वाचत बसतात.”

पत्रपेटीशी आल्यावर साहेबांनी पाकीट फटीत धरलं. पलीकडून एक बस गेली, तिचा वारा दोघांच्या अंगावर आला. त्यांनी पाकीट सोडलं. आत पडल्याचा आवाज आला नाही. पेटी भरलेली असावी, किंवा मधेच अडकलं असावं. त्यांना काही खात्री वाटेना. तिचा हात न सोडता त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं फटीत घातली, जातील तेवढी आत घालून चाचपून पाहिली.

बोटांना काही लागलं नाही. पत्र गेलं होतं.